दयामरण

बरा न होणारा, असह्य वेदनेचा आजार झालेल्या किंवा शुद्ध कायमची हरपलेल्या माणसाचा मृत्यू त्याच्या भल्यासाठी घडवून आणणे, किंवा लांबवायचा थांबवणे, म्हणजे दयामरण. वर्तमानपत्रे यालाच सरसकट ‘इच्छामरण’ म्हणतात आणि त्यातून घोळ होतो. इच्छामरण भीष्माचे, वेळ त्याने स्वतः निवडली. विनोबांनी नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध सोडले, तेही स्वतःच्या मर्जीने. दयामरणात दया करणारा दुसरा असतो आणि ज्याच्यावर ती करायची तो पुष्कळदा बोलण्याच्या अवस्थेत नसतो. मग ठरवायचे कोणी?

१९२८ साली साबरमती आश्रमातल्या एका आजारी वासराला कूस बदलणेही वेदनेशिवाय जमेना. गांधीजींनी डॉक्टरकडून सुई देववून त्याचे प्राण घेतले आणि अहिंसेच्या पुजाऱ्याने गोहत्या केली म्हणून गहजब झाला. हिंसा कृतीमागच्या हेतूवर ठरते, असे त्यांचे उत्तर होते. माणसालाही तत्त्व तेच लागू, मात्र त्याची सेवा करून दुःख हलके करण्याचे मार्ग बहुधा उरलेले असतात, असेही त्यांनी म्हटले. ही पुस्ती मूळ युक्तिवादाहून महत्त्वाची आहे.

साहित्यात हा प्रश्न सर्वांत नेमका जॉन स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) या कादंबरीत येतो. शेतावरचा गडी कँडी याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दुसराच गडी बाहेर नेऊन गोळी घालतो. माझा कुत्रा मीच मारायला हवा होता, ही खंत कँडी पुढे बोलून दाखवतो. शेवटी, हातून नकळत एका बाईचा जीव गेलेल्या मंदबुद्धी लेनीला पकडायला जमाव येतो, तेव्हा त्याचा सोबती जॉर्ज त्याच पिस्तुलाने, त्याला स्वप्नातल्या शेताबद्दल बोलते ठेवून, मागून गोळी घालतो. वाचक जॉर्जला बहुधा माफ करतो, पण लेनीला कोणी विचारलेले नसते. मराठीत या विषयावर जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ नाटकाचा दाखला देतात, तो ओढूनताणून आहे, तिथे दुखणे एकटेपणाचे आहे.

भारतात हा वाद अरुणा शानबाग यांच्यामुळे न्यायालयात ठरला. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. दृष्टी, वाचा, हालचाल गेली. पुढची ४१ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले, अंगाला बेडसोर होऊ दिला नाही. पत्रकार पिंकी विराणी यांनी अन्न बंद करण्याची परवानगी मागितली. अडचण अशी की काढायला व्हेंटिलेटर नव्हताच. श्वास त्यांचा त्या घेत होत्या, कुस्करलेला घास वर्षानुवर्षे तोंडाने खात आल्या होत्या, मासे आवडत. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि त्यांची जवळची माणसे म्हणजे केईएमचे कर्मचारी, विराणी नव्हे, असे ठरवले. कँडीची खंत इथे कायद्याच्या भाषेत आली. त्याच निकालाने उपचार थांबवण्याला, म्हणजे निष्क्रिय दयामरणाला, उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून मान्यता दिली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या.

सुई देऊन मारणे मात्र आजही गुन्हा आहे. सज्ञान रुग्णाची संमती असली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो इतकेच. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८च्या निकालाने सन्मानाने मरणे जगण्याच्या हक्कातच धरले आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. ती कोण मिळवत बसणार? जानेवारी २०२३मध्ये नियम सोपे झाले. आता सज्ञान, शुद्धीतल्या माणसाने दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेणे पुरते. प्रसंग आला की उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ, असे पहिले मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ ते पुन्हा तपासतात. यंत्र काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचे. मंडळांत मतभेद झाला तर उच्च न्यायालय. मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाचा व्हेंटिलेटर काढणे यात मोडत नाही. तो आधीच मृत असतो.

गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र केले. तरी कागद फसतो तो मजकुरात. ‘मला त्रास नको’ या वाक्यावर कोणताही डॉक्टर काही करू शकत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणे, नळीने अन्न, यांतले काय नको आणि कोणत्या अवस्थेत नको, ते नाव घेऊन लिहावे लागते. वेदनाशामक चालू ठेवावे, हेही. आपल्या वतीने निर्णय घ्यायला जोडीदाराचे एकच नाव दिले आणि तोच आधी गेला, तर पंचाईत. दोन नावे द्यावीत. दुसरी गफलत जागेची. रात्री दोन वाजता आयसीयूत दाखल करताना मुलाच्या हातात विम्याचे कार्ड असते आणि इच्छापत्र घरी, कपाटाच्या कुलपात. म्हणून एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरकडे आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते.