एनसीपीएमध्ये प्रयोग करायचा असल्यास: सभागृहाची निवड, अर्ज आणि कागदपत्रे

नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उभे असलेले नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले एनसीपीए, हे एक नाट्यगृह नसून एकाच आवारातील पाच सभागृहांचा समूह आहे. तेथे प्रयोग करू इच्छिणाऱ्या संस्था बहुधा आधी तारीख विचारतात आणि सभागृहाचा विचार नंतर करतात. क्रम याच्या उलट असावा, कारण नेपथ्य, ध्वनी, तिकिटांचे गणित आणि म्हणून अर्जातील बराचसा मजकूर सभागृहाच्या रचनेवरूनच ठरतो.

जे. आर. डी. टाटा आणि डॉ. जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये या संस्थेची स्थापना झाली. टाटा थिएटर 1980 मध्ये सुरू झाले. त्याची वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, तर ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची आहे. सुमारे 1,000 आसनांचे हे सभागृह पंख्यासारखे पसरत जाते, आणि गायकाचा किंवा सतारीचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, या हेतूने त्याच्या भिंती व छत घडवलेले आहे. ख्यालगायनाला यासारखी जागा मिळणे कठीण. मात्र दोन्ही बाजूंना विंगा लावून उभारलेला दिवाणखान्याचा सेट येथे आणायचा असेल, तर कडेच्या आसनांवरून काय दिसेल हे आधी तपासून घ्यावे. बांधकाम चालू असताना 1997 मध्ये आगीत सापडलेले आणि 1999 मध्ये खुले झालेले जमशेद भाभा थिएटर 1,109 आसनांचे आहे. त्याला दर्शनी कमानीचा रंगमंच आणि वादकवृंदासाठी खोलगट जागा असल्याने ऑपेरा, बॅले आणि मोठ्या संगीत नाटकांना ते सोयीचे पडते. सुमारे 300 आसनांच्या एक्सपेरिमेंटल थिएटरमध्ये आसनांची मांडणी बदलता येते, त्यामुळे प्रेक्षकांना तिन्ही बाजूंनी बसवण्याचा विचार असलेल्या दिग्दर्शकाने प्रथम तेच पाहावे. याखेरीज लिटल थिएटर आणि गोदरेज डान्स थिएटर ही लहान सभागृहे आहेत. पहिल्यांदाच येणाऱ्या हौशी संस्थेने प्रतिष्ठेपायी मोठे सभागृह मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हजार आसनांपुढे दीडशे प्रेक्षक बसले की चांगला प्रयोगही पडल्यासारखा वाटतो.

प्रवेशाचे मार्ग दोन आहेत. पहिल्या मार्गात एनसीपीए स्वतः कार्यक्रम सादर करते. नाटक, भारतीय संगीत, नृत्य, पाश्चात्त्य संगीत अशा शाखांनुसार कार्यक्रमांची आखणी होते आणि संस्थेने संबंधित शाखेकडे प्रस्ताव द्यावयाचा असतो. प्रस्तावासोबत संहिता किंवा कार्यक्रमाची रूपरेषा, प्रमुख कलावंतांचा परिचय, पूर्वीच्या प्रयोगाचे संपूर्ण चित्रीकरण आणि प्रयोगाचा कालावधी द्यावा. मोजकी आकर्षक दृश्ये जोडून केलेली दोन मिनिटांची फीत निवड करणाऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. दुसरा मार्ग सभागृह भाड्याने घेण्याचा असून त्यात खर्च, तिकीटविक्री आणि परवाने यांची जबाबदारी प्रामुख्याने आयोजकाकडे येते. या मार्गाने येणाऱ्या संस्थेने नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, लागू असल्यास जीएसटी क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि सही करण्याचा अधिकार कोणाला आहे हे सांगणारा ठराव तयार ठेवावा. तारीख मागताना हेही लक्षात ठेवावे की 2006 मध्ये स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया येथेच वास्तव्याला आहे, आणि त्याच्या हंगामात मोठी सभागृहे मिळणे अवघड असते.

सर्वाधिक अर्ज अडतात ते संहितेपाशी. महाराष्ट्रात नाटक किंवा एकांकिका जाहीरपणे सादर करण्यापूर्वी तिची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. नाट्यवर्तुळात याला सरळ ‘सेन्सॉर’ म्हणतात. सभागृह खाजगी न्यासाचे आहे म्हणून यातून सूट मिळत नाही, आणि नाटक हिंदी, गुजराती किंवा इंग्रजीत आहे म्हणूनही नाही. संहिता संपूर्ण असावी. ‘येथे कलाकार उत्स्फूर्तपणे बोलतील’ अशा मोकळ्या जागा ठेवल्यास शंका उपस्थित होतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर तालमीत नवा प्रवेश घातला गेला, तर तो भागही मंडळापुढे ठेवणे इष्ट, कारण प्रमाणपत्र सादर केलेल्या मजकुराचे असते, नाटकाच्या नावाचे नव्हे. मंडळाला वाचनासाठी वेळ लागतो, म्हणून तारीख निश्चित होण्याची वाट न पाहता हा अर्ज आधीच करावा.

लेखकाची लेखी परवानगी हा याहून वेगळा कागद आहे आणि एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही. स्वामित्वहक्क कायदा, 1957 नुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो, त्यामुळे दिवंगत नाटककाराच्या वारसांची संमतीही बहुधा लागतेच. अनुवादित नाटकासाठी मूळ लेखकाची आणि अनुवादकाची अशा दोन संमती घ्याव्यात. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावले की ती सवलत संपते. ध्वनिमुद्रित गाणी वापरल्यास त्यांचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

नाटकात 14 वर्षांखालील मूल असेल, तर आयोजकांच्या सहसा लक्षात न येणारी एक अट लागू होते. बालकामगारविषयक नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही, आणि त्याच्या मानधनापैकी किमान 20 टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. तांत्रिक तालीम रात्री उशिरापर्यंत लांबवण्याची सवय असलेल्या दिग्दर्शकांनी ही कलमे मुद्दाम वाचावीत.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 33 खालील नियमांनुसार करमणुकीच्या जागेचा परवाना आणि प्रयोगाचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिला सभागृहाकडे असतो. दुसऱ्याची जबाबदारी कोणाची, हे भाडेकरारात स्पष्ट लिहून घ्यावे. करांच्या बाबतीत, नाटक, नृत्य किंवा संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट प्रतिव्यक्ती 500 रुपयांपर्यंत असल्यास त्यावर जीएसटी लागत नाही, म्हणून दर ठरवताना 500 आणि 550 यांतील फरक केवळ पन्नास रुपयांचा समजू नये.

राहिला तांत्रिक तपशील, ज्याला बहुतेक संस्था सर्वांत कमी वेळ देतात. सेटची मोजमापे आणि वजन, प्रकाशयोजनेचा आराखडा, लागणारे माइक, सेट लावण्यास व उतरवण्यास लागणारे तास, आणि धूर, पाणी किंवा ज्योत वापरायची असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख या कागदात असावा. रंगमंचावर निरांजन लावायचे असले तरी ते लिहून कळवावे. अग्निसुरक्षेच्या दृष्टीने छोटी ज्योत आणि मोठी ज्योत असा भेद केला जाईल असे गृहीत धरू नये. या कागदावर निर्मात्याऐवजी रंगमंच व्यवस्थापकाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा, कारण सकाळी सेटचा टेम्पो दाराशी आल्यावर सभागृहातील तंत्रज्ञांना त्याच्याशीच बोलायचे असते.