नीस-अंती आडनावे

चिटणीस, फडणीस, सबनीस, पारसनीस, पोतनीस, कारखानीस अशा मराठी आडनावांचा एक गट. ‘नीस’ हे फारसीतील ‘नवीस’ या पदाचे मराठीत झिजलेले रूप असून त्याचा अर्थ ‘लिहिणारा’. गावावरून पडलेली ‘कर’ जोडलेली आडनावे घराण्याचे ठिकाण सांगतात. नीस-अंती आडनाव त्यापेक्षा वेगळी खूण देते. या घरातला कोणी पूर्वज कोणत्या दप्तरात, काय लिहायला बसत होता, हे त्यातून कळते.

दख्खनमध्ये 1347 साली बहमनी सत्ता स्थापन झाली आणि पुढे निजामशाही, आदिलशाही आली. राज्यकर्त्यांची भाषा फारसी होती, पण जमाखर्च सांभाळणारे लेखक पुष्कळसे स्थानिक, मोडीत लिहिणारे. हुद्द्यांची नावे फारसी आणि हुद्देदार मराठी, अशी ही सरमिसळ आहे. ती इतकी रुळली की देशी शब्दालाही ‘नीस’ बिनदिक्कत जोडले गेले. टिपणे ठेवणारा टिपणीस आणि कोटावरचा, म्हणजे किल्ल्यावरचा, कोटणीस ही त्याची उदाहरणे.

बाकीच्यांची फोडही फारशी अवघड नाही. चिटणीस पत्रव्यवहार पाही. पारसनीस फारसी पत्रे लिही व वाचून दाखवी. परदरबारांशी संबंध असलेल्या सरदारांना असा माणूस पदरी लागेच. जमेनीस जमेची बाजू लिही, पोतनीस पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवी, पागनीस पागेचा. हसबनीस हे ‘हशमनवीस’चे रूप मानतात, हशम म्हणजे पायदळ. कारखानीस या नावावरून आज यंत्रांचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. तेव्हाचे कारखाने म्हणजे धान्य, दारूगोळा, शस्त्रे इत्यादींची कोठारे व खाती.

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत (1697) किल्ल्याच्या व्यवस्थेचे जे वर्णन आहे, त्यात या लेखकांचे महत्त्व स्पष्ट दिसते. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे गडावरचे प्रमुख. सबनिसाकडे हजेरी व हिशेब, कारखानिसाकडे सामानसुमान. अधिकार अनेकांत वाटल्यामुळे गड एकट्याच्या फितुरीने जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. बखरीनुसार हवालदार व सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू असत. काही नीस-अंती आडनावे विशिष्ट जातींत अधिक का आढळतात, याचे एक कारण इथे सापडते.

1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. जमाखर्च पाहणारा मुजुमदार अमात्य झाला, परराज्यांशी व्यवहार पाहणारा डबीर सुमंत झाला. घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा वाकनीस मंत्री झाला, तर पत्रे तपासणारा सुरनीस सचिव. दत्ताजी त्रिंबक हे मंत्री व अण्णाजी दत्तो हे सचिव आधी या जुन्याच नावांनी ओळखले जात. वरच्या आठ पदांवर, म्हणजे अष्टप्रधानांत, संस्कृत नावे टिकली, भोरचे पंतसचिव आणि बावड्याचे पंत अमात्य ही त्याची साक्ष. खालच्या दप्तरांत मात्र फारसी हुद्दे तसेच चालू राहिले. कोश दरबारापुरता होता, कारकुनाच्या बैठकीपर्यंत तो उतरला नाही, असे म्हणायला हरकत नाही.

हुद्द्याचे आडनाव कसे झाले, हे दोन घराण्यांत नीट पाहता येते. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे मूळ आडनाव चित्रे. पद पुढच्या पिढ्यांकडे गेले तसे घराणे चिटणीस म्हणूनच ओळखले जाऊ लागले. शिवचरित्रपर बखर लिहिणारे मल्हार रामराव हे त्याच घराण्यातले. दुसरे उदाहरण बाळाजी जनार्दन भानू (1742–1800), म्हणजेच नाना फडणीस. हे मूळचे कोकणातल्या वेळासचे भानू. पेशव्यांची फडणिशी त्यांच्या घरात होती आणि नानांच्या कर्तृत्वाने ती इतकी मोठी झाली की ‘भानू’ मागे पडले. अर्थात प्रत्येक फडणीस नानांचा भाऊबंद नव्हे. फडणीस दर संस्थानात, दर सरदाराकडे असे. त्यामुळे हे आडनाव देशस्थांतही आहे, कोकणस्थांतही. नीस-अंती आडनाव सारखे असले म्हणून कूळ एक ठरत नाही, ही गोष्ट वंशावळी जुळवणारे वारंवार विसरतात.

‘फडणीस’च्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. एक ‘फर्दनवीस’, म्हणजे फर्द किंवा यादी लिहिणारा, असे. दुसरे मराठी ‘फड’वरून. पेशव्यांच्या मुख्य कचेरीला फडच म्हणत, म्हणून दुसरे मत लोकांना जवळचे वाटते. मूळ फारसी शब्दाला मराठी कानाने आपल्या ओळखीच्या ‘फड’कडे ओढले, असे मानणे अधिक पटते.

उच्चारात ‘न’ व ‘ण’ दोन्ही दिसतात: सबनीस, पोतनीस, खासनीस, पण चिटणीस, फडणीस, कोटणीस. आधी ट किंवा ड असला की ‘ण’ येण्याकडे कल आहे, काटेकोर नियम नाही. ‘नवीस’ पूर्णपणे लोपलेले नाही. नागपूरकडे चिटणवीस हे रूप टिकले आहे आणि फडणवीस सर्वांच्या परिचयाचे आहे.

इंग्रजी अमलात या कचेऱ्या बंद पडल्या. शाळेचे दाखले, नोकरीची पत्रे यांत आडनाव लिहिणे आवश्यक झाले आणि काल जो हुद्दा होता तो कायमचा नावाशेजारी बसला. मात्र ‘चिटणीस’ आडनाव होऊनही पद म्हणून जिवंत राहिला. पक्षांना आणि कामगार संघटनांना आजही सरचिटणीस लागतो, आणि त्याचे आडनाव सबनीस किंवा कांबळे काहीही असू शकते. उत्तर भारतातल्या कचेऱ्यांत अर्जीनवीस व नकलनवीस आहेत. इराणमध्ये तर संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ‘बरनामेनवीस’ म्हणतात.