एका ओळीतली चार टिंबं

सयाजीराव महाराजांनी १९१० पासून सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्या बडोद्यात जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांनी सरावाला ग्रंथालयच घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. क्लास म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा कोडमधला आराखडा; अशा क्लासमधली नाती तिथे आयती सापडतात.

सदस्य, त्याने नेलेल्या पुस्तकाची नोंद, पुस्तक, लेखक असे चार क्लास लिहून झाले. आता सदस्याने नेलेल्या पुस्तकाच्या लेखकाचं नाव हवंय. हात आपसूक लिहून जातो: मेंबर डॉट गेटलोन डॉट गेटबुक डॉट गेटऑथर डॉट गेटनेम. दिसायला सरळ, पण ही ओळ फार नाजूक आहे. सदस्याच्या ऑब्जेक्टच्या, म्हणजे क्लासवरून बनवलेल्या प्रत्यक्ष वस्तूच्या पोटात नोंद नसतेच, असतो तो तिचा रेफरन्स, म्हणजे तिच्याकडे नेणारा दुवा. नोंदीत पुस्तकाचा, पुस्तकात लेखकाचा. सदस्याने पुस्तकच नेलेलं नसेल तर गेटलोनकडून नल, म्हणजे कशाकडेच न नेणारा रेफरन्स येतो आणि पुढच्याच टिंबावर नलपॉइंटरएक्सेप्शन ही चूक. पूर्वी संदेशात फक्त ओळीचा क्रमांक यायचा. चारांतलं टिंब कोणतं, ते शोधत बसा. २०२० साली जावा १४ मध्ये नेमकी जागा सांगण्याची सोय आली, आणि १५ पासून ती आपोआप चालू असते.

नल म्हणजे दरवेळी चूकच असं मात्र नाही. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं आहेत, आणि कर्त्याचं नाव नसलेली पोथी ही जुन्या हस्तलिखितांत काही नवलाची गोष्ट नाही. लेखक नसू शकतो, हे मग मेथडनेच, म्हणजे क्लासच्या गेटऑथरसारख्या कृतीनेच उघड सांगावं. जावा ८ मधला (२०१४) ऑप्शनल, म्हणजे आत काही असेल किंवा नसेलही अशी डबी, त्यासाठीच आहे.

पोथीचा क्लास पुस्तकाच्या क्लासवरून एक्स्टेंड करावा, म्हणजे त्याचा वारस करावा, असं इथे सुचतंच. मग 'घरी न्या' ही मेथडही तिला वारशात मिळते, आणि दुर्मिळ पोथी घरी कोण नेऊ देईल? खुद्द जावात असंच झालंय. स्टॅक (फक्त वरूनच ठेवायची-काढायची चळत) हा पहिल्या आवृत्तीपासून व्हेक्टरचा (कुठेही वस्तू घालता येणाऱ्या यादीचा) वारस आहे, त्यामुळे स्टॅकच्या मधोमधही वस्तू घुसवता येते. वारसा घेण्याऐवजी व्हेक्टर स्टॅकच्या आत लपवून ठेवायला हवा होता.

टिंबांच्या साखळीवरचा उपाय १९८७ पासून डीमिटरचा नियम म्हणून ओळखला जातो: फक्त जवळच्याशी बोला. सदस्यालाच लेखकाचं नाव विचारा. तो नोंदीला विचारेल, नोंद पुस्तकाला. उद्या एका पुस्तकाला दोन लेखक आले, तर नावं जोडून देण्याचं काम पुस्तकाच्या क्लासमध्येच उरकतं; अहवाल छापणाऱ्या कोडला हातही लावावा लागत नाही.