रक्ती हगवणीचा टायटर का काढत नाहीत?

पावसाळ्यात शेडमधलं तूस ओलं राहिलं की तीन-चार आठवड्यांच्या पिलांना रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, गाठते. मराठवाड्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना हे सांगायला नको. मानमोडीची लस दिल्यावर रक्त तपासून टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं (रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचं) प्रमाण, बघायची सवयही आता अनेकांना आहे. मग रक्ती हगवणीचा टायटर का नाही, असं कुणी विचारलं तर नवल नाही. उत्तराची पाळंमुळं मात्र लांबवर गेली आहेत.

हा रोग होतो आयमेरिया नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे, आणि तो पहिल्यांदा दिसला सशात. 1674 मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूकने सशाच्या पित्तात अंडाकार कण पाहिले. सशाच्या यकृतात वाढणाऱ्या आयमेरिया स्टीडी या जातीचे ते ऊसिस्ट, म्हणजे विष्ठेतून बाहेर पडणारी परजीवीची कवचातली अवस्था, असावेत, असं आज मानतात. आयमेरिया हे नाव 1875 मध्ये पडलं आणि कोंबडीच्या अंधांत्रातून (आतड्याच्या आंधळ्या पिशवीतून) रक्त काढणाऱ्या टेनेला जातीचं वर्णन 1891 मध्ये झालं. पुढे 1929 मध्ये हार्वर्डच्या टायझरने कोंबडीतल्या जाती वेगवेगळ्या करून दाखवल्या. एका जातीचा संसर्ग सोसलेली कोंबडी त्याच जातीला दाद देत नाही, दुसरीला मात्र सहज बळी पडते, हेही त्यातून कळलं. कोंबडीत अशा सात जाती मानतात, सशात अकरा. सशाची जात कोंबडीला लागत नाही, तेव्हा एकाच आवारात दोन्ही पाळणाऱ्यांनी एकाच्या रोगाचा दोष दुसऱ्यावर घालू नये.

प्रतिकारशक्ती येते हे ठरलं, पण ती आणतं कोण? तेव्हाचा सरळ समज असा की रक्तातली प्रतिपिंडं. संसर्ग होऊन गेलेल्या पक्ष्यांत ती सापडतही होती, त्यामुळे शंका घ्यायला फारसं कारण नव्हतं.

धक्का बसला तो वेगळ्याच वाटेने. कोंबडीच्या गुदद्वाराजवळ बर्सा नावाची छोटी पिशवी असते. अमेरिकेत ब्रूस ग्लिक ती काढलेले पक्षी पाळून होता. त्यातले काही पक्षी एका सहकाऱ्याने वर्गात प्रतिपिंडं कशी तयार होतात हे दाखवायला उसने नेले आणि ती तयारच होईनात. हा शोध 1956 मध्ये पोल्ट्रीच्याच एका नियतकालिकात छापला गेला, म्हणून बराच काळ दुर्लक्षित राहिला. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या ज्या पेशींना आज बी पेशी म्हणतात त्यांतला ‘बी’ या बर्सावरूनच आला आहे.

आता प्रतिपिंडांशिवायची कोंबडी हाती आली होती. इंग्लंडमध्ये एलेन रोझ आणि पीटर लाँग यांनी बर्सा काढलेल्या पक्ष्यांना आयमेरियाचा संसर्ग दिला. पक्षी बरे झाले आणि दुसऱ्या वेळच्या संसर्गालाही टिकले. 1987 मध्ये अमेरिकेत ह्युन लिलेहोज यांनी उलट बाजू दाखवली: टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींना) दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध दिलं की हे संरक्षण ढासळतं. म्हणजे रक्तातला टायटर संसर्ग येऊन गेल्याचं सांगतो, पुढची खात्री देत नाही. परजीवी आतड्याच्या पेशींच्या आत वाढतो, तिथे खरी लढाई टी पेशींची. सशातही संसर्गानंतर आयजीजी हे प्रतिपिंड वाढतं, पण संरक्षणाशी त्याचा मेळ नीट बसत नाही.

तरी प्रतिपिंडं अगदीच निकामी ठरली नाहीत, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला रोझ यांनाच दिसलं की आयमेरियाच्या मॅक्झिमा या जातीच्या संसर्गातून बऱ्या झालेल्या कोंबडीचा सीरम (रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव) दुसऱ्या पक्ष्याला दिला तर काही प्रमाणात आधार मिळतो. अंड्याच्या बलकातून आईची प्रतिपिंडं पिलात जातात हे तर क्लेम्पररने 1893 मध्येच दाखवलं होतं. हे दोन धागे जोडून मायकेल वॉलक यांच्या गटाने मॅक्झिमाच्या लैंगिक अवस्थेतल्या प्रथिनांची लस बनवली. टोचायची ती अंडी घालणाऱ्या मादीला, संरक्षण मिळायचं पिलांना. करारावर एक दिवसाची पिलं घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात अर्थातच यातलं काही नसतं. तो निर्णय ब्रीडर फार्मवरच होतो.

म्हणूनच परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे निघताना रक्ताच्या नळीपेक्षा नुकतीच मेलेली दोन-तीन पिलं बरोबर असलेली बरी. आतडं उघडून जखमांना 0 ते 4 गुण द्यायची 1970 मधली जॉन्सन आणि रीड यांची पद्धत आजही चालते, आणि पिलू मरून बराच वेळ गेला की आतडं सडून काहीच वाचता येत नाही.