कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आणि माल्टाच्या शेळ्या

संध्याकाळ झाली की कोल्हापुरात गंगावेशीला, मिरजकर तिकटीला दुधाचे कट्टे भरतात. म्हैस समोर उभी, धार चालू आणि फेसाळता पेला थेट हातात. आजोबा स्वतः एक पेला रिचवतात आणि नातवाला म्हणतात, "पी लेका, अंगाला लागतंय." तालमींच्या गावात या वाक्यावर वाद घालणं अवघडच.

कट्ट्यावर जाण्यामागं व्यवहारी शहाणपण आहे. डोळ्यांदेखत काढलेल्या दुधात पाणी मिसळायला वाव नाही. त्यातही दूध म्हशीचं: स्निग्धांश साधारण ६ ते ८ टक्के, गाईच्या दुधाच्या जवळपास दीडपट ते दुप्पट. ते गाईच्या दुधासारखं पिवळसर दिसत नाही, कारण चाऱ्यातल्या कॅरोटीनचं म्हैस शरीरातच अ जीवनसत्त्व करून टाकते. म्हणजे कस आहे, भेसळ नाही. घोटाळा पुढं होतो. 'भेसळ नाही' याचा अर्थ आपण 'जंतू नाहीत' असा लावून मोकळे होतो.

निरोगी कासेत दूध बहुतांशी स्वच्छच असतं. बाहेर येताना त्याला सडाची कातडी, धार काढणाऱ्याचे हात, शेपटीचा फटकारा आणि कासंडी असं सगळं भेटतं. शेणातले ई. कोलाय, साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू इथूनच शिरतात. चांगला गवळी सड धुतो, पहिल्या चार धारा टाकून देतो, आणि त्याचा उपयोगही होतो. ब्रुसेला नावाच्या जिवाणूपुढं मात्र ही स्वच्छता चालत नाही. तो बाधित जनावराच्या कासेतूनच दुधात उतरतो. म्हैस वरून धडधाकट, दुधाची चव तीच, वासही तोच. गोठ्यात एखादी म्हैस गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, तर तेवढीच काय ती खूण, आणि ती कट्ट्यावरच्या गिऱ्हाइकाला कुठून कळणार?

या ब्रुसेलाचा शोध लागला तो भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर. तिथं ब्रिटिश सैनिक चढ-उतार करणाऱ्या लांबलचक तापानं हैराण होते. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्या तापाचा जंतू वेगळा केला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झमिट या माल्टीज डॉक्टरांना तो सापडला तो ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्यांत. गंमत अशी, की माल्टात गवळी शेळ्या घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकासमोरच धार काढून देत. दुधात पाणी नाही याची तिथल्या लोकांनाही पक्की खात्री होती! सैन्यानं शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि सैनिकांमधला ताप झपाट्यानं ओसरला.

"आम्ही जन्मभर पितोय, काय झालं?" हा प्रश्न घरोघरी येतो. प्रत्येक म्हैस बाधित नसते, त्यामुळं बहुतेकांना खरोखर काही होत नाही. पण ज्याला होतं त्यालाही कट्टा आठवत नाही. ब्रुसेलाचा ताप बहुधा दोन ते चार आठवड्यांनी येतो, कधी काही महिन्यांनी. तोवर तो पेला कोण लक्षात ठेवतंय?

परंपरेचा दाखला द्यायचा तर तोही पुरता द्यावा. १६व्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात धारोष्ण दुधाची थोरवी आहे, पण ती गाईच्या दुधाची. म्हशीचं दूध धार काढल्यावर निवू द्यावं, असं तिथंच सांगितलंय.

दूध कट्ट्यावरूनच घ्या, फक्त घरी नेऊन तापवा. पाश्चरीकरणात ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद पुरतात, म्हणजे घरची एक उकळी भरपूर झाली. मात्र दूध वर आलं म्हणजे सगळं उकळलं असं नाही. सायीखाली वाफ कोंडली की ते आधीच उतू जायला बघतं. म्हणून ढवळत एक-दोन मिनिटं उकळू द्यावं. प्रथिनं आणि कॅल्शियम कुठं जात नाहीत. ब गटातली काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, क जीवनसत्त्वही घटतं, पण ते दुधात मुळातच नगण्य. तेच दूध दिवसातून चारदा उकळणं मात्र नुसती गॅसची नासाडी. पिशवीतलं दूध पाश्चराइज्डच असतं; ते थंड राहिलं असेल तर तापवणं ही सवय, गरज नव्हे.

पोटुशी सून, लहान मूल आणि म्हातारं माणूस यांना कच्चं दूध देऊच नये. गरोदरपणात लिस्टेरिया (कच्च्या दुधातून येणारा आणखी एक जंतू) किंवा ब्रुसेलामुळं गर्भपात होऊ शकतो. घरी जनावरं असतील तर गाभडलेल्या म्हशीचा जार (वार) उघड्या हातांनी उचलू नये, कारण संसर्ग तिथूनही होतो. केंद्र सरकारच्या २०१९ पासूनच्या कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची लस देतात. ती आयुष्यात एकदाच टोचायची असते, तेव्हा ते वय चुकवू नये.

आणि घरात कुणाचा ताप आठवडे उलटले तरी हटत नसेल, रात्री घाम, कंबर-सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना कच्च्या दुधाचं आपणहून सांगावं. त्यांना मग ब्रुसेलाची तपासणी सुचते. आजार औषधांनी बरा होतो, पण साधारण सहा आठवडे दोन प्रतिजैविकं घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली तर ताप पुन्हा उलटू शकतो.