रेफरीवर बोललात आणि एफएचं पत्र आलं? नियम कोणाला लागू, कागद काय लागतात, पुढे काय होतं

मॅच संपते, मॅनेजर माईकसमोर येतो, रेफरीवर तोंडसुख घेतो आणि थोड्या दिवसांत बातमी येते की एफएने त्याला चार्ज केलं. मग सगळीकडे एकच वाद, "खरं बोलला म्हणून शिक्षा का?" पण चार्ज लागला म्हणजे शिक्षा झाली का, उत्तर कोणी आणि कसं द्यायचं, हिअरिंगला काय घेऊन जायचं, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून इथे इंग्लंडमधली प्रोसेस, म्हणजे फुटबॉल असोसिएशन उर्फ एफएच्या हद्दीतली, सविस्तर लिहितोय. युरोपातल्या मॅचेसचं खातं वेगळं आहे, ते शेवटी.

आधी मुद्दा क्लिअर करतो. "निर्णय चुकला" म्हणणं हा गुन्हा नाही. पेनल्टी होती, दिली नाही, मला अजिबात पटलेलं नाही, असं बिनधास्त बोला, कोणी पत्र पाठवत नाही. रेफरीचा हेतू काढला की फाईल उघडते. तो आमच्या विरुद्ध आहे, आम्हाला काही द्यायला घाबरतो, आमचं नाव बघूनच शिट्टी वाजवतो, असल्या वाक्यांवर एफएचं लक्ष असतं. पक्षपात सुचवलाय का, प्रामाणिकपणावर शंका घेतलीय का, टीका व्यक्तीवर घसरलीय का, हे तपासतात, आणि एकूण खेळाची बदनामी होतेय का हा मोठा छत्रीसारखा मुद्दा वर असतोच. नियमाचा नंबर ई३.१, पत्रात बहुतेक वेळा हाच दिसतो.

नियम कोणाला लागू आहे

फक्त मॅनेजरला नाही. एफएच्या भाषेत "पार्टिसिपंट" म्हणून जो कोणी येतो तो प्रत्येक जण, म्हणजे प्लेअर, कोच, क्लबचा पदाधिकारी आणि खुद्द क्लबसुद्धा. क्लबला वाटतं आपण ऑफिशियल अकाउंटवरून पोस्ट टाकली, कोणा एकाचं नाव नाही, मग कोणाला धरणार? नॉटिंगहॅम फॉरेस्टला विचारा. एप्रिल २०२४ मध्ये एव्हर्टनकडून २-० हरल्यावर त्यांनी पोस्ट टाकली की तीन अतिशय वाईट निर्णय झाले आणि व्हीएआरवर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचे निर्णय तपासायच्या जागी, बसलेला माणूस ल्यूटन क्लबचा फॅन आहे हे आम्ही आधीच सांगितलं होतं. ल्यूटन तेव्हा रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाऊ नये म्हणून चाललेल्या, लढाईत फॉरेस्टबरोबरच अडकलेलं, त्यामुळे सांगायचं काय होतं ते कोणालाही कळलं. दंड झाला साडेसात लाख पाउंड. एका पोस्टचे.

मॅचआधी बोलणं हा वेगळाच खड्डा आहे

याच्यात भलेभले पडलेत. मॅचसाठी रेफरीची नेमणूक झाली की त्या मॅचआधी त्याच्याबद्दल मीडियात काहीच बोलायचं नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही. लोकांना हे विचित्र वाटतं, कौतुक केलं तर काय बिघडलं? पण विचार करा, "हा रेफरी खूप धाडसी आहे, मोठ्या टीमच्या ग्राउंडवर पेनल्टी द्यायला घाबरत नाही" हे कौतुक आहे की ऑर्डर? माझ्या मते सगळ्या नियमात सगळ्यात हुशारीचा भाग हाच आहे, कारण दबाव टाकण्याची सगळ्यात गोड पद्धत इथे बंद होते.

ऑक्टोबर २०१६ चं उदाहरण घ्या. लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड मॅचला अँथनी टेलर रेफरी होते, ते मँचेस्टर भागातले म्हणून आधीच चर्चा चाललेली. युनायटेडचे मॅनेजर जोझे मोरिन्यो म्हणाले की टेलर चांगले रेफरी आहेत पण त्यांच्यावर कोणीतरी मुद्दाम दबाव आणतंय, अशात चांगली कामगिरी करणं त्यांना अवघड जाईल. ऐकायला सहानुभूती वाटते ना? पन्नास हजार पाउंड दंड.

उपरोधाने बोललं तर वाचतो असंही समजू नका. एप्रिल २०१४ मध्ये चेल्सी घरच्या मैदानावर संडरलँडकडून हरली तेव्हा याच मोरिन्योंनी (त्या वेळी ते चेल्सीचे मॅनेजर होते) रेफरी माइक डीन यांचं "अभिनंदन" केलं होतं, त्याचे दहा हजार लागले. आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये चेल्सीविरुद्ध कॅम्पेन चाललंय असं म्हणाले, त्याचे पंचवीस हजार. कॅम्पेनवाल्या कॉमेंटचा रोख झालेल्या मॅचपेक्षा पुढच्या मॅचेसवर जास्त होता असं मला वाटतं, म्हणजे आमच्या प्लेअरला डायव्हिंगसाठी, म्हणजे पडायचं नाटक केल्याबद्दल, पिवळं कार्ड दाखवताना पुढचा रेफरी दोनदा विचार करेल.

पत्र येतं ते कसं

कधीकधी आधी साधं विचारणा करणारं पत्र येतं, तुम्ही असं असं बोललात, तुमचं म्हणणं काय. याला ऑब्झर्वेशन्स मागवणं म्हणतात. हा अजून चार्ज नाही, पण इथे जे लिहाल ते पुढे तुमच्याच फाईलला जोडलं जाणार, त्यामुळे रागाच्या भरात दोन पानं खरडून पाठवू नका. कधी हा टप्पाच नसतो आणि सरळ चार्ज लेटर येतं. त्यात कुठला नियम मोडला, तुमची नेमकी कुठली वाक्यं, कुठल्या इंटरव्ह्यूमधली, सोबत पुरावा आणि उत्तराची शेवटची तारीख असते. मुदत मोठी नसते हां. आर्सेनलचे मॅनेजर मिकेल आर्टेटा यांना न्यूकॅसलच्या मॅचवरून १६ नोव्हेंबर २०२३ ला चार्ज केलं तेव्हा उत्तराला आठवडासुद्धा नव्हता. मुदतवाढ हवी तर तारीख उलटायच्या आत मागायची, नंतर नाही.

उत्तरात दोन प्रश्नांचा निकाल लावायचा असतो. एक, आरोप मान्य की अमान्य. दोन, निकाल कागदांवर लावायचा की समोर बसून हिअरिंग हवं. मान्य केलं तरी शिक्षा कमी व्हावी म्हणून समोर येऊन बाजू मांडता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. आणि वेळेवर मान्य केल्याचा फायदा शिक्षा ठरवताना मिळतो, अगदी शेवटच्या दिवशी कोपऱ्यात सापडल्यावर मान्य केलं तर तेवढा नाही.

कागदपत्रं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण इंटरव्ह्यू. कापलेली क्लिप नाही, प्रश्नासकट सगळा. मॅचनंतर मॅनेजर एका माईकसमोरून दुसऱ्या माईकसमोर जात असतो, टीव्ही, रेडिओ, परदेशी चॅनल, मग प्रेस कॉन्फरन्स, आणि तेच तेच विचारलं जातं, चौथ्यांदा उत्तर देताना जीभ घसरते. एफए सगळीकडची वाक्यं गोळा करून एकत्र ठेवते, म्हणून तुम्हीही सगळीकडचा मजकूर टाइप करून ठेवा, पत्रकाराने शब्द तोंडात घातला असेल तर ते दिसलं पाहिजे. त्यानंतर तुमचं सहीचं निवेदन. मागचा डिसिप्लिनरी रेकॉर्ड (तो एफएकडे असतोच, लपवून काही होत नाही). माफी मागितली असेल तर कधी, कुठे, कोणाकडे याचा पुरावा. आधीच्या तशाच केसेसचे लेखी निकाल, कारण दंड किती योग्य हे त्यांच्याशी तुलना करूनच ठरतं.

आता न लागणाऱ्या कागदाबद्दल, कारण लोक सगळी ताकद तिथेच घालवतात. निर्णय खरंच चुकीचा होता हे सिद्ध करणारे व्हिडिओ. दहा अँगल आणा, पण "तो आमच्या विरुद्ध आहे" या वाक्याचा बचाव त्याने होत नाही. रेफरी चुकला हे खरं असू शकतं आणि तुम्ही त्याचा हेतू काढलात हेही खरं असू शकतं. फार तर राग का आला एवढं समजायला त्याची मदत होते. आणि मैदानावर रेफरी तुम्हाला काहीतरी वाईट बोलला असा दावा करणार असाल तर शंभरदा विचार करा, कारण रेफरींचं बोलणं रेकॉर्ड होतं. लिव्हरपूलचे तेव्हाचे मॅनेजर यर्गन क्लॉप यांच्या केसमध्ये, एप्रिल २०२३, लिव्हरपूलने टॉटनहॅमला ४-३ हरवलं त्या मॅचनंतर, ते म्हणाले की रेफरी पॉल टियर्नी यांचं आमच्याशी काय वाकडं आहे कळत नाही आणि ते मला जे बोलले ते बरोबर नव्हतं. रेफरींच्या संस्थेने ऑडिओ तपासून सांगितलं की टियर्नी व्यवस्थितच वागले. शेवटी क्लॉपनी मान्य केलं. पंचाहत्तर हजार पाउंड आणि दोन मॅचची टचलाइन बंदी (म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहायचं नाही), त्यातली एक सस्पेंडेड, म्हणजे पुन्हा चूक केली तरच लागू होणारी.

निकाल कोण देतं

एफए स्वतः चार्ज लावते पण निकाल स्वतंत्र रेग्युलेटरी कमिशन देतं, साधारण तीन जणांचं. आरोप सिद्ध करायची जबाबदारी एफएची. मात्र फौजदारी कोर्टासारखं "संशयाला जागा नको" असं नसतं, दोन्ही बाजू तोलून ज्याची शक्यता जास्त ते धरतात. म्हणून चार्ज लागला की बहुतेक जण हरतात असं वाटतं, पण आर्टेटा सुटले. त्यांनी निर्णयाला लाजिरवाणा वगैरे म्हटलं होतं, भाषा तिखट होती, क्लबनेही पाठिंब्याचं स्टेटमेंट काढलं होतं, तरी डिसेंबर २०२३ मध्ये कमिशनने आरोप सिद्ध होत नाही म्हणून सांगितलं. क्लॉप यांच्या केसशेजारी ठेवून बघा, आर्टेटांचा राग रेफरींच्या निर्णयांच्या दर्जावर होता, क्लॉपचा एका माणसाच्या हेतूवर.

शिक्षेत ताकीद, दंड, टचलाइन बंदी, स्टेडियम बंदी, यातलं काहीही किंवा मिसळून. खरं सांगू का, दंडाच्या आकड्यांनी मोठ्या क्लबच्या मॅनेजरला घाम फुटत नाही, आणि वीस हजारात जर पुढच्या पाच मॅचेसमध्ये रेफरीच्या डोक्यात आपलं वाक्य घुमत राहणार असेल तर तो सौदा स्वस्तच. चेल्सीचे तेव्हाचे मॅनेजर टुखेल यांना ऑगस्ट २०२२ मध्ये टेलर यांनी चेल्सीच्या मॅचला असूच नये अशा अर्थाचं बोलल्याबद्दल वीस हजारच झाले होते. लागते ती बंदी, आणि त्याहून जास्त सस्पेंडेड बंदी, कारण ती डोक्यावर टांगलेली राहते. युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी २००९ मध्ये ॲलन वायली या रेफरींचा फिटनेस काढला, वीस हजार आणि चार मॅचची बंदी, त्यातल्या दोन सस्पेंडेड. मार्च २०११ मध्ये चेल्सीकडून हरल्यावर रेफरी मार्टिन ॲटकिन्सन यांच्याबद्दल बोलले की रेफरी निदान न्यायाने वागणारा हवा होता. तीन नव्या आणि त्या जुन्या दोन जाग्या झाल्या, पाच मॅच स्टँडमध्ये, वर तीस हजार.

अपील करता येतं. पण अपील म्हणजे पुन्हा पहिल्यापासून केस नाही. सुनावणी न्याय्य झाली नाही, नियमाचा अर्थच चुकीचा लावला, कुठल्याही शहाण्या माणसाने दिला नसता असा निकाल आहे, किंवा शिक्षा अती आहे, असलं कारण दाखवावं लागतं, फी भरावी लागते, मुदत इथेही असतेच. मोरिन्योंनी ऑक्टोबर २०१५ मध्ये रेफरी आम्हाला पेनल्टी द्यायला घाबरतात असं म्हटल्याबद्दल पन्नास हजार आणि सस्पेंडेड स्टेडियम बंदी ओढवून घेतली, अपील केलं, हरले.

मग तक्रार करायची कुठे

प्रीमियर लीगचे रेफरी पीजीएमओएल ही संस्था सांभाळते, प्रमुख हॉवर्ड वेब. क्लबने थेट तिथे विचारणा करायची, बंद दाराआड काय हवं ते विचारा. मोठे प्रसंग पाच जणांचं पॅनल नंतर तपासतं, तीन माजी प्लेअर किंवा कोच, एक लीगचा, एक पीजीएमओएलचा. लाल कार्ड चुकीचं वाटत असेल तर त्याचा वेगळा अर्ज असतो, व्हिडिओसकट आणि फार लवकर द्यायचा, मात्र उगाच केलेला दिसला तर बंदी वाढूही शकते. आणि सिस्टिमच मान्य नसेल तर वुल्व्ससारखं करा, २०२४ मध्ये त्यांनी व्हीएआर बंद करायचा ठराव रीतसर मांडला. १९-१ ने पडला, पण चार्ज कोणालाच लागला नाही.

एक पळवाट अजून उघडी आहे. जानेवारी २०२१ मध्ये क्लॉप म्हणाले की मला साडेपाच वर्षांत इथे जेवढ्या पेनल्टी मिळाल्या त्यापेक्षा जास्त युनायटेडला दोन वर्षांत मिळाल्या. त्या वाक्यात ना कुठल्या रेफरीचं नाव, ना हेतूवर शब्द, नुसता आकडा. चार्ज नाही. त्याच वर्षी पुढे युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर सोल्शायर कुरकुरले की एका मॅनेजरच्या त्या बोलण्यानंतर आम्हाला पेनल्टी मिळणं अवघड झालं. परिणाम खरंच झाला का ते सांगता येत नाही, पण नियमात राहून दबाव कसा टाकतात याचा नमुना हाच.

युरोपातल्या मॅचेसचं

चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग वगैरेत एफएचा संबंध नाही. तिथे यूएफाची, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेची, डिसिप्लिनरी बॉडी, मग त्यांचीच अपील बॉडी, आणि त्यानंतर लोझानचं क्रीडा लवाद. तिथे हात जास्त जड आहे, आणि त्याला कारण आहे. २००५ मध्ये बार्सिलोना-चेल्सी मॅचनंतर चेल्सीचे मॅनेजर असलेल्या मोरिन्योंनी आरोप केला की बार्साचे कोच हाफटाइमला रेफरी अँडर्स फ्रिस्क यांच्या खोलीत गेले होते. फ्रिस्कना जिवे मारायच्या धमक्या आल्या आणि त्यांनी रेफरींगच सोडलं. मोरिन्योंना दोन मॅच बंदी. २०२३ मध्ये बुडापेस्टला युरोपा लीग फायनल हरल्यावर रोमाचे मॅनेजर म्हणून त्यांनी अँथनी टेलर यांना पार्किंगमध्ये गाठून शिव्या दिल्या, तेव्हा चार मॅच. अशी बंदी यूएफाच्या मॅचेसमध्येच भोगायची असते, सीझन संपला म्हणून ती संपत नाही, पुढच्या सीझनच्या युरोपीय मॅचेसपासून मोजणी सुरू होते.