नवा गज मुका का असतो?

दारव्हा-पुसदसारख्या तालुक्याच्या गावांतही आता नवं व्हायोलिन कुरिअरने घरपोच येतं. पेटी उघडून गज, म्हणजे केस ताणून बसवलेली वाजवायची काडी (बो), तारेवर फिरवला की पहिली तक्रार ठरलेली, "याचा तं आवाजच येऊन नाही राहिला!" कान जवळ नेला तर फार तर बारीक सरसर ऐकू येते. वाद्य खराब निघालं म्हणून काही जण ते लगेच परत पाठवायला निघतात. तसं करू नका. वाद्य बहुधा धडधाकट असतं. गजाच्या केसांना अजून राळ लागलेली नसते, एवढंच.

गजात घोड्याच्या शेपटीचे साधारण दीडशे ते दोनशे केस ताणून बसवलेले असतात. या केसांवरचे सूक्ष्म खवले तारेला पकडतात, असं पुष्कळ वादकही सांगतात. खवले असतात हे खरं, पण ते इतके बारीक की त्यांच्या भरवशावर तार बोलत नाही. कोरा केस तारेवरून नुसता घसरतो. पकड येते ती राळेने, म्हणजे दुकानात रोझिन म्हणून मिळणाऱ्या पिवळ्या-तपकिरी वडीने.

राळ लागलेला केस तारेला चिकटतो आणि तिला आपल्याबरोबर ओढत नेतो. ताण वाढतो, पकड सुटते, तार सटकन मागे येते आणि पुन्हा पकडली जाते. वंगण संपलेल्या बंडीचा आख करकरतो, तोही याच धर-सोडीमुळे. पण आखाची धर-सोड अनियमित असते. व्हायोलिनची तार ४४० कंपनांच्या स्वराला लावली असेल तर तिची धर-सोड सेकंदाला ४४० वेळा होते, आणि प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी.

तो क्षण कोण ठरवतं, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६०च्या दशकात उलगडलं. वाजणारी तार आपल्याला मधे फुगीर, धूसर पट्टीसारखी दिसते. प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी ती दोन सरळ रेषांची असते, आणि त्या रेषा जिथे मिळतात तो कोपरा तारेवरून सतत ये-जा करत असतो. कोपरा गजाखालून घोडीकडे, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीकडे, गेला की पकड सुटते, घोडीवरून परत आला की बसते. गज घोडीपासून तारेच्या एक दशांश लांबीवर असेल, तर प्रत्येक कंपनाचा जेमतेम एक दशांश वेळ तार सटकत असते. उरलेला सगळा वेळ ती केसांनी धरलेली असते! गजाने वाजणारं प्रत्येक वाद्य या धर-सोडीवरच चालतं, यवतमाळ-चंद्रपूरकडच्या परधान समाजाची किंगरीसुद्धा.

यापुढचं मोठं काम आपल्या देशात झालं. सी. व्ही. रामन अर्थखात्याच्या नोकरीत १९१० साली नागपूरला आले होते, याचं मला वैदर्भीय म्हणून फार अप्रूप आहे. पुढे कलकत्त्यात त्यांनी गजाने वाजणाऱ्या तारांचा सिद्धांत मांडला. तो १९१८ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे रामन परिणामाच्या दहा वर्षं आधी. मग त्यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्रच उभारलं. त्यात गज जागेवर राहायचा आणि व्हायोलिन पुढे-मागे सरकायचं. स्वर टिकायला गजाचा कमीत कमी किती दाब लागतो, हे त्यांनी त्यावर मोजलं.

राळेचं काम नुसतं चिकटण्याचं नाही. केंब्रिजचे जिम वुडहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं, की इथे उष्णतेचा मोठा वाटा आहे. तार सटकताना घर्षणाने राळेचा पातळ थर तापतो, मऊ पडतो आणि पकड आणखी ढिली होते. तार पुन्हा धरली गेली की तो थंड होऊन घट्ट होतो.

ही राळ चीड वृक्षाच्या चिकापासून येते. हिमाचल-उत्तराखंडात ही झाडं भरपूर आहेत. चीक तापवून त्यातलं टर्पेंटाइन काढून घेतलं की राळ उरते. आपल्या लाडवांतला धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. मेळघाटातल्या सालईच्या चिकात राळ आणि डिंक दोन्ही असतात, म्हणून तो जसाच्या तसा गजाला चालत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली सोल्डरिंग पेस्टही राळेचीच, पण तिच्यात तेलकट पदार्थ मिसळलेले असतात. ती केसांना लागली तर केस वाया गेले समजा.

आता नवा गज तयार करू. स्क्रू फिरवून केस इतकेच ताणा, की मधोमध काडी आणि केसांत पेन्सिल जाईल एवढी फट राहील. केसांना बोट लावू नका, हाताचा तेलकटपणा राळेला बसू देत नाही. नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते आणि तिच्यावरून केस कोरेच निघून जातात. बारीक पॉलिश पेपरने तिचा वरचा तुकतुकीतपणा घालवा, पांढरी भुकटी दिसली पाहिजे. मग मुठीपासून टोकापर्यंत सावकाश वीस-तीस हात द्या, गरज वाटली तर आणखी. दोन्ही टोकांना थोडे जास्त. मधे मधे तारेवर वाजवून पाहा. सरसर ऐकू येत असेल तर राळ कमी आहे, आवाज खरखरीत येऊन भुकटी उडत असेल तर जास्त झाली. एकदा बसली की रोज तीन-चार हात पुरतात.

विदर्भाचा उन्हाळा मात्र वेगळी काळजी मागतो. पारा ४५ अंशांवर गेला की टिनाखाली ठेवलेल्या पेटीत राळ मऊ होऊन फडक्याला चिकटते. इथे फिकट रंगाची, कडक वडी घ्यावी. केसांचं तर हवेशी नातंच आहे. स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७८३ साली माणसाच्या केसावर आर्द्रतामापक बनवला, कारण कोरड्या हवेतून दमट हवेत गेलेला केस सुमारे दोन टक्के लांबतो. घोड्याचा केसही त्याच केराटिन नावाच्या प्रथिनाचा. कूलरसमोर ताणलेला गज तसाच बाहेर कोरड्या अंगणात नेला, तर केस आखडून काडीवर ताण येतो. म्हणून वाजवून झालं की स्क्रू ढिला करायचाच.

तारेखाली लाकडावर जमलेली भुकटी त्याच दिवशी कोरड्या सुती फडक्याने पुसा. ती साचून चिकटली तर पाण्याने निघत नाही. स्पिरिटने निघेल, पण त्याबरोबर व्हायोलिनचं व्हार्निशही जाईल.